अरण्यातील मुक्काम आणि सांडलेला कण

कॅलिफोर्नियाच्या उत्तर किनाऱ्यालगत रेडवुड वृक्षांची प्राचीन अरण्ये आहेत. मूळ अरण्यापैकी आता जेमतेम पाच टक्के उरले आहे. मुलांकडे अमेरिकेस गेलेले आपले काही व्यवसायबंधूही तेथे तंबूत राहून येतात आणि एका नियमाविषयी कुरकुर करतात : मुक्कामाच्या जागी अन्नाचा कणही सांडू द्यावयाचा नाही!

या नियमामागील संप्राप्ती वैद्याने समजून घ्यावी अशीच आहे. मार्बल्ड मरेलेट हा समुद्रपक्षी मासे समुद्रात धरतो. अंडे मात्र अरण्यातील जुन्या वृक्षाच्या शेवाळलेल्या, रुंद फांदीवर घालतो, तेही एका विणीस एकच. १९७४ साली बिग बेसिन उद्यानात त्याचे घरटे सापडले, तोवर शास्त्रज्ञांस ही गोष्ट ठाऊक नव्हती. बिस्किटांच्या चुऱ्यासाठी डोमकावळे व त्याच कुळातील निळे जे पक्षी गोळा होतात आणि वरची अंडीही फस्त करतात. चुरा सांडणाऱ्याने मरेलेट पक्षी पाहिलेलाही नसतो.

वृक्षांचेही तसेच. शंभर मीटरहून उंच वाढणाऱ्या या वृक्षांची मुळे खोल जात नाहीत, आडवी पसरतात. पावलांनी वरची माती दबली की मुळांचाच श्वास कोंडतो. २००६ मध्ये आढळलेल्या, सुमारे ११६ मीटर उंचीच्या 'हायपेरिअन' वृक्षाचे स्थान गुप्त ठेवूनही हौशी लोक तेथे पोहोचले आणि बुंध्याभोवतीचे नेचे तुडवले गेले. अखेर २०२२ मध्ये तो परिसर बंद झाला. प्रवेश करणाऱ्यास पाच हजार डॉलरपर्यंत दंड व सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. 'ग्रोव्ह ऑफ टायटन्स' या वृक्षसमूहात मात्र जमिनीपासून उंच पदपथ बांधून दर्शनाची सोय केली आहे.

हा जाच आहे, असे म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. रुग्णास निदानपरिवर्जन सांगताना आपण त्याच्या आवडीनिवडीस फारसे विचारत नाही.

आमच्या वनौषधी-परिचय सहलींचे चित्र तरी काय? एका सर्पगंधेभोवती चाळीस जण दाटी करतात, मूळ दाखविण्यासाठी रोप उपटले जाते, न्याहरीचे कागद तेथेच राहतात. आम्हीही हे केले आहे. येत्या सहलीपासून एका तुकडीत पंधराच जण असावेत आणि मुळाची ओळख औषधालयातील सुक्या नमुन्यावर करून द्यावी, अशी आमची सूचना आहे. तो नमुना औषधविक्रेते बंधू आनंदाने देतील.