डोकं दुखतंय, हे आधी खरं माना



आपल्या भाषेत ‘डोकेदुखी’ हा शब्द बाईच्या आजारापेक्षा बाईलाच जास्त वापरला जातो. सून डोकेदुखी, मोर्चा आणणाऱ्या बाया डोकेदुखी. पण त्याच सुनेचं डोकं खरंच दुखलं, की तो नखरा ठरतो.

मला बावीस वर्षं अर्धशिशी आहे. पाळीच्या आदल्या दिवशी तर हमखास. अर्धं कपाळ ठणकतं, उजेड सोसवत नाही, उलट्या होतात. त्याही दिवसांत डबे भरले, धुणं झालं, कारण डोकं दुखतंय म्हणून घरात रजा मिळत नाही. डॉक्टरांनी मला काही न विचारता नवऱ्याला विचारलं, “घरात काही टेन्शन आहे का?” वेदना माझी आणि साक्ष त्याची!

अलीकडे एका डॉक्टरबाईंनी मला मॅग्नेशियमच्या गोळ्या सुचवल्या. तीन महिन्यांत माझे दुखण्याचे दिवस निम्म्यावर आले. हे मी आमच्या बैठकीत सांगितलं, तेव्हा एक मैत्रीण रागावली. “प्रश्न सामाजिक आहे आणि तू गोळी सांगतेस? गोळी गिळून बाईनं पुन्हा ओट्यापाशीच उभं राहायचं ना?” तिचा राग मला कळतो, पण तिचं म्हणणं मान्य नाही. म्हणून हे लिहिते आहे.

रक्त कमी असलेल्या बाईला लोहाच्या गोळ्या मिळाव्यात म्हणून आपणच आरोग्य केंद्रावर जातो. तिथे आपण म्हणत नाही, की आधी समाज बदलू, मग गोळी देऊ. मग डोकेदुखीलाच हा न्याय का? बाईच्या वेदनेला ‘मनाचं’ म्हणणारा डॉक्टर आणि ‘फक्त समाजाचं’ म्हणणारी कार्यकर्ती, दोघंही तिच्या शरीराला वगळतात. अर्धशिशी बायकांना पुरुषांपेक्षा दुपटी-तिपटीने जास्त होते. पाळीच्या सुमारास इस्ट्रोजेन झपाट्याने उतरतं, हे त्यामागचं एक मोठं कारण आहे. कर्नाटकातल्या 2015 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे चारांत एका व्यक्तीला वर्षभरात अर्धशिशीचा त्रास झालेला आढळला. हे काही चार नाजूक बायकांचं दुखणं नव्हे.

मॅग्नेशियम ही जादू नाही, हेही स्पष्ट सांगते. जर्मनीतल्या दोन चाचण्या 1996 साली प्रसिद्ध झाल्या. एकीत 81 जणांपैकी काहींना रोज 600 मिलिग्रॅम मॅग्नेशियम, काहींना खोटी गोळी दिली. बारा आठवड्यांअखेर पहिल्या गटातले झटके सुमारे 42 टक्क्यांनी कमी झाले, दुसऱ्यातले 16 टक्क्यांनी. दुसऱ्या चाचणीत वेगळा क्षार वापरला होता, तिथे काहीच फरक दिसला नाही. अमेरिकेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या संस्थेने 2012 साली त्याला ‘बहुधा उपयुक्त’ म्हटलं. म्हणजे काहींना गुण येतो, काहींना नाही.

मग इतक्या वर्षांत मोठ्या चाचण्या का झाल्या नाहीत? स्वस्त क्षारावर कुणाला मक्तेदारी मिळत नाही, हे एक. शिवाय अमेरिकेत 1977 पासून 1993 पर्यंत मूल होऊ शकणाऱ्या वयाच्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळण्याचाच नियम होता. आजार बायकांचा, चाचणी पुरुषांवर. आता बाजाराला जाग आली आहे. तोच क्षार रंगीत डब्यात घालून ‘स्त्रियांसाठी खास’ म्हणून अव्वाच्या सव्वा दराने विकला जातो. त्याला आपण का भुलायचं?

आणि ताटाकडेही बघा. शंभर ग्रॅम बाजरी, ज्वारी किंवा नाचणीत शंभर मिलिग्रॅमहून जास्त मॅग्नेशियम असतं, पॉलिश केलेल्या तांदळात जेमतेम वीस. तीळ, शेंगदाणे, डाळी, पालेभाज्या यांतही ते भरपूर. पण सगळ्यांचं झाल्यावर जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला काय उरतं? उपाशी राहण्यानेही अर्धशिशी उठते. तेव्हा गोळीचा प्रश्न आणि ताटाचा प्रश्न वेगळा नाही.

काही गोष्टी मात्र गाठीशी बांधा. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हे औषध आपल्या मनाने घेऊ नका, गरोदरपणीही विचारूनच घ्या. जुलाब झाले तर मात्रा जास्त होते आहे. थायरॉइडच्या आणि काही अँटिबायोटिक गोळ्यांबरोबर ते एकाच वेळी घेऊ नये, मध्ये काही तास जाऊ द्यावेत. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात 15 किंवा अधिक दिवस, असं महिनोन् महिने घेतल्या, तर त्यांनीच डोकं दुखू लागतं. एकाएकी असह्य दुखलं, ताप आला, हातपाय लुळे पडले, बोलणं अडखळलं, तर थेट दवाखाना गाठा. आणि दुखण्याआधी डोळ्यांपुढे काजवे किंवा नागमोडी रेषा दिसत असतील, तर इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेऊ नका. पक्षाघाताचा धोका वाढतो. गोळ्यांची पाकिटं वाटताना हा एक प्रश्न किती ठिकाणी विचारला जातो?

माझं म्हणणं एवढंच. प्रत्येक गटात एक वही ठेवू या. दुखण्याचे दिवस, पाळीच्या तारखा, झोप, जेवणाची वेळ, घेतलेल्या गोळ्या, सगळं लिहू या. जिला लिहिता येत नाही तिचं दुसरीने लिहावं. ती वही घेऊन डॉक्टरांसमोर बसू या, नवऱ्याची साक्ष न काढता. आरोग्य केंद्रात अर्धशिशीवर उपचार मागू या.

माझ्या मैत्रिणीला माझं उत्तर हे आहे: डोकं दुखायचं थांबलं, तेव्हा मी ओट्यापाशी परत गेले नाही. ज्या बैठकीत आपण भांडलो, तिथे यायची ताकद मला त्या तीन महिन्यांनीच दिली.