फराळानंतरचा चौथा दिवस

दिवाळी अंक मांडीवर घेऊन लाडवाचा घास घेत बसलेल्या वाचकापुढे मलावरोधाचा विषय काढणे हा अरसिकपणा आहे, हे मला कळते. पण भाऊबीज उलटली की औषधांच्या दुकानात माणसे ज्या दबक्या आवाजात ‘पोटाचे काही’ मागतात, ते ऐकल्यापासून हा विषय याच अंकात निघाला पाहिजे असे माझे मत झाले आहे. आपण मराठी माणसे राजकारणावर तावातावाने बोलतो आणि कोठ्याविषयी मात्र कानात सांगतो. कानात मिळालेला सल्ला सहसा कोणी तपासून पाहत नाही.

कारणे तशी उघड आहेत. चार दिवस चकली, कडबोळी, शंकरपाळे, भाजी-भाकरी हद्दपार, पाणी कमी आणि चहा फार. त्यात प्रवास. स्वारगेटहून एस.टी.ने निघालेली माहेरवाशीण कापूरहोळला भोरकडे वळो की चेलाडीला वेल्ह्याकडे, वाटेत सोय नाही म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाही आणि आलेली कळ दाबून ठेवते. मळ जितका आत रेंगाळतो तितके त्यातले पाणी आतडे शोषून घेते, आणि मग खडा होतो.

आमच्या मुलखाला या बाबतीत मोठी परंपरा आहे. भोरच्या पश्चिमेचे नीरेचे खोरे म्हणजे हिरडस मावळ. मराठीचा मास्तर असूनही मी व्युत्पत्तीच्या भानगडीत पडत नाही. पण हे नाव ऐकले की मला हिरडाच आठवतो. वडिलांच्या पिढीने रविवारी सकाळी नाक दाबून एरंडेल घेतले. रविवारच का, तर ते दोन ते सहा तासांत काम करते आणि त्या दिवशी शाळा नसते! सोनामुखीची तऱ्हा निराळी. ती पोटातून जशीच्या तशी मोठ्या आतड्यात उतरते, तिथले जिवाणू तिला फोडतात, तेव्हा कुठे तिचा अंमल सुरू होतो. म्हणून रात्री घ्यायची आणि सकाळची वाट पाहायची. दुकानातली बिसाकोडिलची गोळीही याच जातीची, आतड्याला चेतवणारी. तिच्यावर लेप असतो तो पोटात विरघळू नये म्हणून. ती चावू नये, कुटू नये आणि दुधाबरोबर घेऊ नये. लेप वाटेतच सुटतो आणि पोटात मुरडा उठतो.

मोठ्या माणसाने अडल्यावेळी रात्री ५ मिलिग्रॅमची एक गोळी घेतली, तर त्यात भिण्यासारखे काही नाही. घोटाळा होतो तो नंतर.

माझी आत्या वेल्ह्याला राहते. (तालुक्याचे नाव आता राजगड झाले, आत्याच्या तोंडी अजून वेल्हेच.) तिच्या फडताळात एका चूर्णाचा डबा कायम असे. “अरे, झाडपाल्याचे आहे, त्याने काय होते?” हा तिचा ठरलेला प्रश्न. डब्यावरच्या मुंगीएवढ्या अक्षरांत ‘सनाय’ लिहिलेले होते. सनाय म्हणा, स्वर्णपत्री म्हणा, ती सोनामुखीच. आत्याला ती रोज का लागे? जोराचा रेच झाला की आतडे पार रिकामे होते. ते पुन्हा भरायला दोन-तीन दिवस लागतात. त्या दिवसांत शौचाला झाले नाही तर ते बद्धकोष्ठ नव्हे, आत काही नाही एवढाच त्याचा अर्थ. पण आत्या दुसऱ्याच रात्री डबा उघडी. अशी वर्षे गेली. दिवसातून तीनदा जाणारा आणि आठवड्यातून तीनदा जाणारा, दोघेही निरोगी असू शकतात, हे तिला पटायलाच मुळी एक दिवाळी गेली.

आतडे कायमचे आळशी होते या जुन्या भीतीला फारसा पुरावा नाही. रोजच्या अतिरेकी जुलाबांनी अंगातले पाणी आणि पोटॅशियम घटते, ही भीती मात्र खरी. हातपाय गळतात, हृदयाची लयही बिघडू शकते. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असणाऱ्याने म्हणूनच विचारूनच घ्यावे. आठवडाभरापेक्षा जास्त दिवस गरज लागली, तर दुकानदाराऐवजी डॉक्टर गाठावा. आत्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने चूर्ण हळूहळू कमी केले, भरपूर पाण्याबरोबर इसबगोल सुरू केला आणि सकाळच्या चहानंतर दहा मिनिटे निवांत बसू लागली. खाल्ल्या-प्यायल्यावर आतडे आपण होऊन हलते. त्या वेळेचा मान ठेवला की पुष्कळ काम होते.

तिच्याच शेजारी घडलेली गोष्ट सांगतो. पाडव्याच्या रात्री एका दहा-बारा वर्षांच्या पोराचे पोट दुखू लागले. “फराळ बाधला असेल,” म्हणून आजीने एरंडेलाची बाटली काढली. पोराला उलट्या होत होत्या, ताप होता आणि दुखणे बेंबीपासून सरकून उजवीकडे उतरले होते. त्याची आई सासूसमोर कधी वर मान करून बोलत नसे. त्या रात्री तिने बाटली हातातून काढून घेतली. “आत्याबाई, आधी डॉक्टर.” जीप करून पोराला पुण्याला नेले. आंत्रपुच्छ सुजले होते. पहाटे शस्त्रक्रिया झाली. तशा पोटात जुलाबाचे औषध गेले असते, तर ते फुटण्याचा धोका वाढला असता.

तेव्हा पोटात जोराची कळ, उलटी, पोट फुगून वारा सरेनासा होणे, यांतले काही असले तर रेचकाला हात लावू नये. शौचातून रक्त जाणे, वजन घटणे, पन्नाशीनंतर सवय एकाएकी बदलणे, हीसुद्धा चूर्णाची दुखणी नव्हेत. गरोदर बाईला एरंडेल देऊ नये, त्याने कळा सुरू होऊ शकतात. लहान मुलांना डॉक्टरांवाचून काहीच देऊ नये. आणि रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्यांनीही पोट बांधले जाते. आमच्या खोऱ्यातल्या कितीतरी बाया तेवढ्यासाठी त्या गोळ्या गुपचूप मोरीत टाकतात. त्यांनी नर्सबाईला तसे सांगावे. गोळी बदलता येते, वेळ बदलता येते.