सोर्स आणि बिल्ड एकाच फोल्डरमध्ये? ही सवय पहिल्या प्रॅक्टिकललाच मोडायला हवी

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षातली गोष्ट. सबमिशनच्या आदल्या रात्री प्रोजेक्टचं फोल्डर साफ करायला बसलो. आम्ही लिहिलेल्या ‘.सी’ फाइल्स आणि कंपाइल झाल्यावर तयार झालेल्या ‘.ओ’ फाइल्स, सगळं एकाच ठिकाणी. उडवायच्या होत्या ‘.ओ’, टाइप झालं ‘.सी’. लिनक्सच्या टर्मिनलवरून डिलीट केलेलं रिसायकल बिनमध्ये जात नाही. गिट वापरत नव्हतो, तेही कबूल. ओरलला काय झालं ते विचारू नका.

चूक माझीच. पण फोल्डर वेगळी असती तर ती इतकी महागात पडली नसती.

सोर्स कोड म्हणजे माणसाने लिहिलेला मजकूर, बिल्ड म्हणजे कंपायलरने त्यातून तयार केलेल्या फाइल्स. गहू घरात असतील तर पीठ केव्हाही दळून आणता येतं. पिठाचे गहू होत नाहीत. बिल्डचं फोल्डर वेगळं असेल तर ते बिनधास्त उडवा, सोर्सला धक्का लागत नाही.

दुसरा फायदा मोठ्या कामात कळतो. पाषाणच्या आयआयटीएममध्ये २०१८ साली ‘प्रत्युष’ हा महासंगणक आला, तो इंटेलच्या प्रोसेसरवर. २०२४ मध्ये आलेला ‘अर्का’ एएमडीच्या. अशा दोन यंत्रांवर एकच हवामान मॉडेल पूर्ण वेगाने चालवायचं तर प्रत्येकासाठी ते वेगळं कंपाइल करावं लागतं. सोर्स एक, बिल्ड दोन. दोन्हींच्या फाइल्स एकत्र पडल्या तर कुठली कुणाची, हे शोधण्यातच दिवस जाईल.

जीसीसी कंपायलरच्या इन्स्टॉलेशन सूचनांत वेगळ्या फोल्डरमध्येच बिल्ड करण्याचा ठाम सल्ला आहे. एलएलव्हीएम तर सोर्स फोल्डरमध्ये बिल्ड सुरूच होऊ देत नाही. आपल्याकडे मात्र जर्नलला कव्हर कोणत्या रंगाचं घालायचं हे पहिल्या तासाला सांगतात, फोल्डरबद्दल चकार शब्द नाही. पाच मिनिटांचं काम आहे हो!

सीमेक वापरत असाल तर ‘सीमेक -एस . -बी बिल्ड’ एवढी कमांड पुरते. आधी सोर्समध्येच सीमेक चालवलं असेल, तर तिथली ‘सीमेककॅश’ फाइल आणि ‘सीमेकफाइल्स’ फोल्डर आधी काढा. ते राहिलं आणि बिल्ड फोल्डरमधून नुसतं ‘सीमेक ..’ दिलं, तर सगळा पसारा पुन्हा सोर्समध्येच पडतो.