विश्लेषण : गेमिंग आणि संगीतासाठी संगणक जुळवताना आधी ‘रॅम’चा हिशेब का?

खेळ आणि संगीतनिर्मिती या दोन्हींसाठी सुटे भाग निवडून संगणक जुळवून घेणाऱ्यांचे गणित २०२५च्या अखेरीस बिघडले. आजवर ‘कमी पडली तर नंतर टाकू’ म्हणून यादीत शेवटी राहणारी रॅम आता सर्वांत अडचणीचा भाग ठरली आहे. हे कशामुळे झाले आणि त्याने बाकीच्या भागांची निवड कशी बदलते, याविषयी...

रॅम अचानक का महागली?

संगणकाच्या रॅमसाठी लागणाऱ्या डीरॅम चिपचे बहुतांश जागतिक उत्पादन सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्यांच्या हाती आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सर्व्हरना ‘एचबीएम’ ही वेगळ्या प्रकारची मेमरी लागते. तेवढ्याच क्षमतेची एचबीएम बनवायला साध्या रॅमच्या सुमारे तिप्पट सिलिकॉन वेफर खर्ची पडतात. पण नफा अधिक असल्याने कारखाने तिकडे वळले. ऑक्टोबर २०२५मध्ये ओपनएआयने ‘स्टारगेट’ प्रकल्पासाठी दोन्ही कोरियन कंपन्यांशी महिन्याला ९ लाख वेफरपर्यंतच्या पुरवठ्याबाबत प्राथमिक करार केले. ३ डिसेंबरला मायक्रॉनने ‘क्रुशल’ या नावाने चालणारा ग्राहकोपयोगी रॅम आणि एसएसडीचा व्यवसायच बंद करण्याची घोषणा केली. अमेरिकेत वर्षाच्या मध्याला १०० डॉलरच्या आसपास मिळणारी ३२ जीबी डीडीआर५ रॅमची जोडी वर्षअखेरीस ३०० डॉलरच्या पुढे गेली.

भारतात त्यात रुपयाची भर पडली. डिसेंबरमध्ये डॉलर ९० रुपयांच्या वर गेला आणि सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहेच. गुजरातमधील साणंदच्या मायक्रॉन प्रकल्पाकडे अनेक जण आशेने पाहतात. मात्र तेथे तयार चिपची जुळणी, वेष्टन आणि चाचणी होते. मूळ वेफर तेथे बनत नाहीत, त्यामुळे हा तुटवडा साणंदमुळे हटणारा नाही.

खेळ आणि संगीत यांच्या गरजा कुठे जुळत नाहीत?

खेळात मुख्य भार ग्राफिक्स कार्डवर असतो. प्रोसेसरमध्ये मोठी कॅशे असली की फायदा होतो. एएमडीच्या रायझन ७ ९८००एक्स३डीची ख्याती त्याच्या ९६ एमबी एल३ कॅशेमुळेच आहे. एखादी फ्रेम उशिरा आली तर खेळात क्षणभर झटका जाणवतो, इतकेच.

ध्वनिमुद्रणात तेवढी सूट नसते. सेकंदाला ४८,००० नमुने आणि १२८ नमुन्यांचा बफर ठेवला, तर संगणकाला प्रत्येक वेळी जेमतेम २.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात साऱ्या प्लगइनची प्रक्रिया पूर्ण झाली नाही तर आवाजात चटचट ऐकू येते आणि घेतलेला टेक वाया जातो. म्हणजे इथे सरासरी वेगापेक्षा एकदाही न चुकणे महत्त्वाचे. एका ट्रॅकवर ओळीने लावलेले प्लगइन साधारणपणे एकाच कोअरवर चालतात, म्हणून कोअरच्या संख्येबरोबर प्रत्येक कोअरचा वेगही पाहावा लागतो. महागडे ग्राफिक्स कार्ड या वेळी जवळपास बसून असते. उलट त्याचा ड्रायव्हर कधी कधी विलंबाचे कारण ठरतो.

दोन्हींची वाट एकत्र येते ती रॅमपाशी. आजच्या खेळांना ३२ जीबी पुरेशी आहे. व्हायोलिनचा ताफा किंवा तबल्याचे बोल यांचे नमुने असलेल्या मोठ्या लायब्ररी मात्र कितीही रॅम गिळतात.

मग रॅम किती आणि कशी घ्यावी?

‘आता १६ जीबीची एक पट्टी, पुढच्या वर्षी दुसरी’ हा जुना सल्ला आता घातक आहे. एकाच पट्टीवर मेमरीचा निम्मा मार्ग बंद राहतो आणि नंतर आणलेली वेगळ्या बनावटीची पट्टी पहिलीशी जमेलच असे नाही. आधी दोन आणि पुढे आणखी दोन, हेही सोपे नाही. रायझन ९००० मालिकेत दोन पट्ट्यांना एएमडीची अधिकृत वेगमर्यादा ५६०० आहे. चार पट्ट्या लावल्या की ती ३६००वर येते. त्यामुळे जी घ्यायची ती जोडी एकदाच घ्यावी. बहुतेकांना १६ जीबीच्या दोन पट्ट्या पुरतात. पूर्ण वाद्यवृंद संगणकावर उभा करणाऱ्याने सरळ ३२च्या दोन घ्याव्यात आणि पैसे ग्राफिक्स कार्डातून वाचवावेत.

रॅम विकत न घेताही वाचवता येते, आणि हे फार कमी जण करतात. बहुतेक सॅम्पलर प्रत्येक स्वराची सुरुवात तेवढी रॅममध्ये ठेवून उरलेला भाग डिस्कवरून वाचतात. सुरुवातीचा हा हिस्सा हार्ड डिस्कच्या काळाला साजेसा मोठा ठेवलेला असेल, तर एनव्हीएमई एसएसडीवर तो बराच कमी करता येतो. बसवून झालेले ट्रॅक ‘फ्रीझ’ केले तर त्यांचे नमुने रॅममधून उतरवता येतात. रंगीत दिव्यांच्या पट्ट्यांनी यातले काहीच साधत नाही. एक्स३डी प्रोसेसर असेल तर अतिवेगवान रॅमनेही खेळात फारसा फरक पडत नाही.

हात कुठे आखडावा, कुठे नाही?

एसएमपीएसमध्ये काटकसर नको. मध्यम कार्डाला नामांकित ६५० वॉटचा पुरतो. ग्राफिक्स कार्डावरची मेमरीही याच तीन कंपन्यांकडून येते, म्हणून तिथेही दरांचा दबाव आहे. तरीही आरटीएक्स ५०६० टीआय ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत असताना ८ जीबीचे घेणे ही खोटी बचत आहे. संगीतासाठी स्वतंत्र साउंड कार्ड नको, स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर असलेला दोन इनपुटचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस हवा. माइक त्याच खोलीत असेल तर मोठे, संथ फिरणारे पंखे आणि कमी भाराला पंखे थांबवणारे कार्ड निवडावे. जुन्या डीडीआर४ पट्ट्या घरात पडून असतील तर एएम४ मदरबोर्डवर रायझन ५ ५६०० अजून चांगले काम देतो. नव्याने डीडीआर४ घेण्यात मात्र अर्थ नाही. उत्पादन आवरते घेतल्याने तीही महागली आहे.

थांबावे का?

मायक्रॉनच्या आयडाहोतील नव्या कारखान्यातून वेफर २०२७च्या आधी अपेक्षित नाहीत. २०१७-१८च्या तुटवड्यानंतर २०१९मध्ये दर कोसळले होते. मात्र तेव्हा मागणीचे कारण वेगळे होते. हाताशी चालता संगणक असलेल्याने थांबावे. विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला म्हणून बदल करावाच लागणार असेल, तर आधी रॅमचा दर पक्का करून मग उरलेल्या पैशांत बाकीची यादी बसवावी आणि तयार संगणकाच्या किमतीशी एकदा ताडून पाहावी. लॅमिंग्टन रोडवर असो वा ऑनलाइन, पट्टीवरचा क्रमांक असलेले जीएसटी बिल घ्यावे. वापरलेली रॅम घेतली तर परतीची मुदत संपण्यापूर्वी ‘मेमटेस्ट८६’ रात्रभर चालवून पाहावे.