मुक्या जनावराची हालत ओळखा

शेतावर, वाडीत राखणीसाठी कुत्रा पाळणारे मुसलमान आपल्याकडे कमी नाहीत. राखण, शिकार आणि गुराढोरांसाठी शरीयतने तशी मुभा दिली आहे. पण आपल्यात चर्चा होते ती पाक-नापाकची. त्या जनावराच्या हालतीची होत नाही.

बुखारी शरीफमधली हदीस आठवा. तहानेने व्याकूळ कुत्रा ओली माती चाटत होता. वाटसरूने ते पाहून त्याची तहान ओळखली, विहिरीत उतरून मोज्यात पाणी भरून आणले आणि पाजले. अल्लाहने त्याला माफ केले. त्या नेकीची सुरुवात नीट पाहण्यातून झाली.

म्हणून कुत्र्याने खाणे सोडले, तो कोपऱ्यात लपू लागला, घरच्यांवरच गुरगुरू लागला, तर काठी उचलू नका. काही दुखत असेल; रेबीजही असू शकतो. भुंकण्याचा आवाज बदलला, लाळ गळू लागली, तर हात लावू नका. मुलांना दूर ठेवा, जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा. चावलाच तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवा आणि लगेच दवाखाना गाठून लस घ्या. हळद, मिरची, ताईत यांत वेळ घालवू नका. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचणे जवळपास अशक्य असते.

जो आपली राखण करतो, त्याची देखभाल आपल्या जिम्मे आहे. दरवर्षीची लसही त्यातच आली.