शिकणाऱ्या मातेची दुहेरी कपात

मॉरिशसच्या ऊसमळ्यांवर एकोणिसाव्या शतकात जे करारबद्ध मजूर राबले, त्यांच्या वंशजांस ‘दुहेरी कपात’ म्हणजे काय हे नव्याने समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. मजूर एक दिवस गैरहजर राहिला, तर त्याचे दोन दिवसांचे वेतन कापले जाई. आजारपण असो, घरी सुतक असो, वा मळ्यावरील मुकादमाशी झालेली कटकट असो. वहीतला आकडा कारण विचारीत नसे. ती पद्धत इतिहासजमा झाली. ज्या धक्क्यावर ते मजूर उतरले, तो पोर्ट लुई येथील आप्रवासी घाट २००६ मध्ये जागतिक वारसास्थळांत समाविष्ट झाला आणि पूर्वजांच्या कष्टांस जगाने मान दिला. परंतु दुहेरी कपातीचे एक रूप अद्यापि घरोघर नांदत आहे, आणि ते सोसणारी व्यक्ती बहुधा मौनच पाळते. ती व्यक्ती म्हणजे संसार सांभाळून पुनश्च शिकू पाहणारी माता.

या बेटावरील शिक्षणाचा इतिहास अभिमान वाटावा असाच आहे. १९७७ मध्ये माध्यमिक शिक्षण निःशुल्क झाले आणि मजुराच्या, शिंप्याच्या, बस-कंडक्टरच्या मुलींस महाविद्यालयाचे दार उघडले. २०१९ मध्ये सार्वजनिक संस्थांतील पहिल्या पदवीपर्यंतच्या शिक्षणाचे शुल्कही शासनाने उचलले. जानेवारी २०२४ पासून पूर्वप्राथमिक वर्गांचाही भार पालकांच्या डोक्यावरून उतरला. एवढे झाल्यावर कोणासही वाटावे की, ज्यास शिकावयाचे आहे त्याच्या मार्गात आता आळसावाचून दुसरा अडथळा उरलेला नाही.

हा समज वरवरचा आहे. तीस-बत्तीस वर्षांची एखादी स्त्री घ्यावी. शालान्त परीक्षेनंतर तिने कारखान्यात वा दुकानात नोकरी धरली, विवाह झाला, पदरात दोन मुले आहेत, त्यांतील धाकटे दीड वर्षाचे. तिला मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठीची पदवी घ्यावयाची आहे, किंवा परिचारिकेचा वा हिशेबनिसाचा अभ्यासक्रम पूर्ण करावयाचा आहे. शुल्क माफ आहे, बुद्धी आहे, इच्छाही आहे. परंतु ती वर्गात बसलेली असताना ते दीड वर्षाचे मूल कोणापाशी राहावयाचे? पूर्वप्राथमिक शाळा तीन वर्षांच्या बालकापासून सुरू होते आणि दुपारी सुटते. ज्यास येथे सर्वजण ‘क्रेश’ म्हणतात, ते पाळणाघर नोकरदारांच्या वेळा पाहून चालते. आणि नोकरी करून शिकणाऱ्यांचे वर्ग तर त्यानंतर, सायंकाळी वा शनिवारी भरतात. म्हणजे अभ्यासासाठी जेव्हा मुलाची सोय हवी, नेमकी तेव्हाच ती मिळत नाही. आणि मिळालीच तर वेगळे पैसे मोजून.

येथेच कपात दुहेरी होते. अभ्यासाच्या तासांत ती स्त्री जादा काम करू शकत नाही, म्हणून त्या तासांचे वेतन जाते. आणि त्याच तासांबद्दल मूल सांभाळणारीस तिला वेतन द्यावे लागते. काही सोप्या अंकांनी ही गोष्ट ताडून पाहता येईल. पंधरा आठवड्यांचे सत्र धरले, आठवड्यास तीन सायंकाळ आणि प्रत्येक सायंकाळी तीन तास धरले, तर एका सत्रात १३५ तास होतात. सांभाळणारीस तासास १०० रुपये द्यावयाचे म्हटले, तर रक्कम होते १३,५०० रुपये. जानेवारी २०२४ मध्ये देशातील किमान मासिक वेतन १५,००० रुपये ठरविण्यात आले होते. म्हणजे ‘निःशुल्क’ शिक्षणाच्या एका सत्रासाठी किमान वेतनावरील स्त्रीने जवळजवळ एका महिन्याची कमाई केवळ मुलाच्या सांभाळासाठी वेगळी काढावयाची! प्रवास, पुस्तके आणि रात्रीच्या जागरणाचा हिशेब यात नाहीच.

यावर ठरलेले उत्तर येते: “घरी आजी आहे की!” या उत्तरामागील जिव्हाळा खोटा नाही. कॅम्पांतील माता ऊस कापावयास वा तण काढावयास जात, तेव्हा तान्ही मुले एखाद्या वृद्धेच्या ओटीत असत; त्या ओटीनेच पिढ्या वाढविल्या. परंतु आजच्या आजीची स्थिती तीच आहे काय? कित्येक आज्या स्वतः नोकरीस जातात. कित्येकींचे घर कास्काव्हेलला, तर मुलीचे क्वात्र बोर्नला. कोणाचे गुडघे दुखतात, कोणास मधुमेहाने ग्रासले आहे. आणि जी आजी हसतमुखाने सांभाळते, तिचेही श्रम हे श्रमच आहेत. तिच्या मायेचे मोल करता येत नाही हे खरे. परंतु त्याचा अर्थ असा नव्हे की तिचा दिवस फुकटात घ्यावा. ज्या समाजाचे पूर्वज आपल्या घामाचे पूर्ण दाम मिळावे म्हणून झगडले, त्या समाजाने घरातील स्त्रीच्या घामासाठी निराळे माप वापरू नये.

दुसरा आक्षेप असा की, मुले मोठी होईपर्यंत मातेने थांबावे. शिक्षण कोठे पळून जाते? परंतु थांबण्याचेही मूल्य द्यावेच लागते. पहिले मूल तीन वर्षांचे होते तोवर दुसरे जन्मास येते. दुसरे शाळेत जाऊ लागते तोवर सासूबाई अंथरुणास खिळतात. दहा वर्षे अशीच सरतात, आणि पदवी असती तर जी बढती मिळाली असती तिची दहा वर्षांची मिळकत हातची जाते. शिवाय मराठी समाजाचा स्वतःचा एक स्वार्थ येथे गुंतलेला आहे. या देशाच्या प्राथमिक शाळांत मराठी शिकविली जाते. घराघरांत क्रिओलचा वावर असताना ती भाषा मुलांच्या जिभेवर ठेवण्याचे काम शिक्षक करीत आहेत, आणि त्यांत स्त्रियांचा वाटा मोठा आहे. शिकू इच्छिणारी माता पाळणाघराच्या खर्चापायी घरी बसली, तर एका कुटुंबाची मिळकत तर बुडतेच, शिवाय एका वर्गाची मराठीही बुडते.

ज्या रत्नागिरी प्रदेशातून येथील पुष्कळ मराठी कुटुंबांचे मूळपुरुष निघाले, त्याच प्रदेशातील देवरुख येथे १८७० मध्ये पार्वतीबाई आठवले यांचा जन्म झाला. ऐन तारुण्यात वैधव्य आले, पदरी एक मुलगा होता, आणि वयाच्या पंचविशीनंतर त्या अभ्यासास बसल्या. पुढे अनाथ बालिकाश्रमासाठी त्यांनी गावोगाव फिरून निधी मिळविला. १९१८ मध्ये इंग्रजी शिकण्यासाठी अमेरिका गाठली आणि तेथे घरकाम करून निर्वाह केला. त्यांच्या धैर्याचे पोवाडे अवश्य गावेत. परंतु त्यांच्या पाठीशी भगिनी बाया कर्वे आणि मेहुणे धोंडो केशव कर्वे यांचे घर उभे होते, हे विसरू नये. शिकणाऱ्या मातेस निश्चय तर लागतोच, त्यासोबत एक उघडे घरही लागते. ज्यांस असे घर दैवाने लाभत नाही, त्यांच्यासाठी ते समाजाने उभारावयाचे असते.

इतर देशांनी ही गोष्ट ओळखली आहे. मॉरिशसची कित्येक मुले-मुली ज्या इंग्लंडात शुश्रूषेचा व्यवसाय करावयास गेली, तेथे उच्च शिक्षण घेणाऱ्या पूर्णवेळ विद्यार्थी-पालकांस, उत्पन्नाची अट पाहून, मुलांच्या सांभाळाच्या खर्चाचा ८५ टक्क्यांपर्यंतचा भाग ठरावीक मर्यादेत अनुदान म्हणून मिळतो, आणि ते अनुदान परत फेडावे लागत नाही. खुद्द मॉरिशसलाही ही कल्पना परकी नाही. १९७० नंतर निर्यात-कारखाने निघाले, सहस्रावधी स्त्रिया शिलाईयंत्रांपुढे बसल्या, आणि त्यांच्या कल्याणासाठी १९८७ मध्ये स्थापन झालेल्या निधीतून पाळणाघरे उभी राहिली. २०२३ मध्ये तीन वर्षांपर्यंतच्या बालकांसाठी मासिक भत्ताही सुरू झाला. सदरे शिवणाऱ्या स्त्रीचे मूल सांभाळणे ही राष्ट्राची गरज मानली गेली. मग तीच स्त्री पुस्तक उघडून बसली, तर तिचे मूल एकाएकी तिचा खासगी प्रश्न कसे ठरते? शासनाने पदवीचे शुल्क माफ केले आहे, तर तीन वर्षांखालील मुलांच्या सांभाळाचाही काही भाग शिकणाऱ्या पालकांसाठी उचलावा, ही मागणी न्याय्य आहे आणि ती संघटितपणे मांडली गेली पाहिजे.

परंतु शासनाच्या दारी अर्ज देऊन हात जोडून बसणे ही या समाजाची रीत नव्हे. कॅम्पात शाळा नव्हत्या तेव्हा बैठका निघाल्या. कंदिलाच्या उजेडात पाटी-पेन्सिल आली. शिकविणारा दिवसभर राबलेला आणि शिकणाराही. त्या बैठकांना कोणी अनुदान दिले नव्हते. आज मंडळांपाशी सभागृहे आहेत, वीज आहे, खुर्च्या आहेत. गणेशचतुर्थी, शिवजयंती आणि विवाहसमारंभ सोडले, तर आठवड्याच्या बहुतेक सायंकाळी त्या सभागृहांस कुलूप असते.

म्हणून मंडळांनी तीन गोष्टींचा विचार करावा. पहिली गोष्ट, शिष्यवृत्तीची. गुणवत्तेची पारितोषिके अठरा वर्षांच्या विद्यार्थ्यांस मिळतात, ती मिळत राहावीत. परंतु निधीचा एक भाग मुले असलेल्या प्रौढ विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवावा. ही रक्कम नोंदणीकृत पाळणाघरास परस्पर द्यावी, म्हणजे पैशाचा दुरुपयोग होईल या शंकेस जागा उरणार नाही. दुसरी गोष्ट, सभागृहांची. कायद्याने ठरविलेली नोंदणी व सुरक्षिततेचे नियम पाळून, वर्गांच्या दिवशी तेथे सायंकाळचा बालसांभाळ चालवावा, आणि सांभाळणारीस योग्य वेतन द्यावे. वर दिलेलाच हिशेब पुन्हा पाहावा: एका मातेस १३,५०० रुपये पडणारे सत्र चार मातांची मुले एकत्र सांभाळल्यास प्रत्येकीस ३,३७५ रुपयांत पडते. वर्षाच्या दोन सत्रांस चौघींचे मिळून २७,००० रुपये होतात. हा आकडा प्रत्येक मंडळाने आपल्या उत्सवाच्या जमाखर्चाशेजारी मांडून पाहावा. एखादे वर्ष मखर थोडे लहान झाले, तर विद्येची देवता रुष्ट होईल असे मानण्याचे कारण नाही.

तिसरी गोष्ट पैशाने होणारी नाही. ती पित्यांच्या हाती आहे. पत्नी वर्गात असताना मुलास भरविणे, निजविणे, त्याचा गृहपाठ घेणे, यास ‘मदत’ म्हणण्याची रूढी सुटली पाहिजे. ते त्याचे स्वतःचेच काम होय. जो पिता स्वतः शिकू पाहतो त्यासही हेच अनुदान मिळावे. मग पत्नीच्या श्रमांवर आपली पदवी उभी करण्याची वेळ त्याच्यावर येणार नाही.

या स्मरणिकेची पाने दरवर्षी परीक्षांत यशस्वी झालेल्या मुलामुलींच्या छायाचित्रांनी भूषविलेली असतात. त्या रांगेत चाळिशीची एखादी माता, पदवीचा झगा घालून, शेजारी शाळेच्या गणवेशातले मूल उभे करून झळकली, तर ते पान पूर्वजांस अधिक आवडेल. त्या छायाचित्रासाठी लागणारा पैसा समाजापाशी आहे आणि जागाही आहे. पुढील वार्षिक सभेच्या कार्यपत्रिकेवर तेवढा एक विषय लिहावयाचा राहिला आहे.