‘सदृश’ या शब्दाची किंमत

शब्दांची निवड हा साहित्यिकांचा प्रांत आणि दुष्काळ हा महसूल खात्याचा, अशी वाटणी आपल्याकडे गृहीत धरली जाते. वस्तुतः शब्द जपून वापरण्याचे काम महसुली आदेशांइतके क्वचितच कोठे होत असेल. कारण तेथे एकेका विशेषणाला पैसा जोडलेला असतो.

23 ऑक्टोबर 2018 रोजी राज्य सरकारने 180 तालुक्यांत ‘दुष्काळसदृश’ परिस्थिती असल्याचे जाहीर केले. आठ दिवसांनी, 31 तारखेला, 151 तालुक्यांत ‘दुष्काळ’ जाहीर झाला; त्यांपैकी 112 तालुक्यांत गंभीर, 39 तालुक्यांत मध्यम. त्या आठ दिवसांत ना आभाळ बदलले, ना विहिरींचे तळ. शालेय व्याकरणात ‘सदृश’ हा उपमेचा शब्द आहे, आणि अनन्वय अलंकार सोडला तर कोणत्याही वस्तूला तिचीच उपमा देता येत नाही. म्हणजे जे दुष्काळासारखे, ते दुष्काळ नव्हे! प्रशासनाची बाजू अशी की, केंद्राच्या 2016 च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेप्रमाणे पाऊस, पिके आणि भूजल यांचे निर्देशांक तपासून व गावांत प्रत्यक्ष पाहणी करूनच अंतिम शब्द उच्चारता येतो. हे खरेच आहे. परंतु त्याच संहितेनुसार केंद्रीय आपत्ती निधीकडे जाणारी वाट ‘गंभीर’ या विशेषणातून जाते. ‘मध्यम’ दुष्काळाचा भार राज्याने स्वतःच वाहावयाचा असतो. तेव्हा शब्द नेमका असावा हा आग्रह केवळ शास्त्रीय राहत नाही.

शब्द टाळण्याची ही परंपरा जुनी आहे. 1963 मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने एक कायदा करून राज्याच्या कायद्यांतून ‘फॅमिन’ ही संज्ञाच वगळली. सरकार शेतीस्थितीवर सतत लक्ष ठेवून असते, तेव्हा आता तशी परिस्थिती उद्भवण्यास वाव उरलेला नाही, असे कारण त्यासाठी देण्यात आले. तिच्या जागी ‘स्कार्सिटी’, अर्थात टंचाई, आली. अवघ्या नऊ वर्षांनी 1972 उजाडले. मे 1973 मध्ये सुमारे 50 लाख माणसे सरकारी कामांवर खडी फोडीत, माती वाहत होती. सरकारदप्तरी ती टंचाई होती. परंतु मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढलेल्या पिढीच्या तोंडी आजही ‘बहात्तरची टंचाई’ असा शब्दप्रयोग ऐकू येत नाही.

येथे एक गोष्ट सरकारच्या बाजूने मांडली पाहिजे. इंग्रजीत अवर्षणाला एक शब्द आणि अन्नावाचून माणसे मरण्याला दुसरा. मराठीत ‘दुष्काळ’ दोन्हींचा भार वाहतो. 1972 मध्ये सामूहिक भूकबळी टळले, हे यश खरे होते. परंतु शब्द टाळला म्हणून ते मिळाले नाही. कामे निघाली म्हणून मिळाले. शब्द टाळून कामेही टाळली तर काय होते, हे 1943 च्या बंगालने दाखविले. दुष्काळ संहिता हाताशी असूनही तेथील सरकारने दुष्काळ घोषित केला नाही, कारण घोषणेबरोबर कामे व शिधा देण्याचे बंधन येणार होते. चौकशी आयोगाने मृतांचा आकडा सुमारे 15 लाख धरला. अमर्त्य सेन यांच्या हिशेबाने तो 30 लाखांच्या आसपास जातो.

उलट उदाहरणही महाराष्ट्राचेच आहे. ‘दुष्काळी काम’ म्हणजे सरकारची कृपा. ते केव्हा उघडावयाचे आणि केव्हा बंद करावयाचे, हे अधिकारी ठरविणार. 1977 च्या कायद्याने ‘रोजगार हमी’ असा शब्द लिहिला, आणि काम मागणाऱ्या बाईला ते न मिळाल्यास भत्ता मागण्याचा हक्क मिळाला. खडी तीच, घमेले तेच. अंमलबजावणीत उणिवा पुष्कळ राहिल्या. तरी तहसील कचेरीसमोर मोर्चा काढणाऱ्यांच्या हाती याचना करणारा अर्ज नव्हता, कायद्याचा शब्द होता.

सध्या सगळा खेळ पुन्हा तालुक्यांच्या आणि महसूल मंडळांच्या याद्यांवर आला आहे. 2023 मध्ये 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला आणि त्यानंतर 1021 महसूल मंडळांना ‘दुष्काळसदृश’ ठरविण्यात आले. परीक्षा शुल्काच्या माफीसाठी महाविद्यालयाच्या खिडकीशी उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला आपले मंडळ कोणते, हे बहुधा तेव्हाच प्रथम कळते. शेतकरी मात्र अजूनही गावाची ‘आणेवारी’ विचारतो. आणे चलनातून जाऊन सहा दशके उलटली, कागदावर ‘पैसेवारी’ आली, तीही नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम अशा तीन पायऱ्यांनी. आणि 50 पैशांच्या वर की खाली, एवढेच त्याला हवे असते.